रात्री दिवे मंदावतात, दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते: मारुती ८०० (१९९७, कार्बोरेटर)

अमळनेर_८००

नमस्कार मंडळी. गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एसी नाही. तक्रारी दोन आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध आहे की दोन वेगळे फॉल्ट आहेत, हेच कळत नाही.

रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावला की मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा अगदी मंद, राखेतल्या निखाऱ्यासारखा पेटतो. दिवसा तो दिसत नाही. रेस दिली की हेडलाइट जरा उजळतात, आयडलला पुन्हा पिवळे पडतात.

दुसरं म्हणजे गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ (स्टार्टर) नुसता टक्क करतो. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, चार महिन्यांपूर्वी नवी टाकली आहे. धक्का मारून चालू केली की चोपड्यापर्यंत जाऊन यायला काही अडचण येत नाही.

बॅटरीच्या दोन टोकांवर साध्या मल्टीमीटरने घेतलेले आकडे: सकाळी चालू करण्याआधी १२.१. आयडलला, काहीही न लावता १३.६. हेडलाइट आणि ब्लोअर लावून आयडलला १२.५, रेस देऊन १२.९. हेडलाइटचे बल्ब १००/९० वॉटचे आहेत, आधीच्या मालकाने बसवलेले.

एका ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर वीज बनवून बॅटरी भरणारा भाग) बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने बॅटरीच खराब म्हटली. सुरुवात कुठून करू?

धुळे_वायरिंग

भाऊ, आत्ता काहीच विकत घेऊ नका. आकडे चांगले घेतले आहेत, फक्त अपुरे आहेत.

आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर पूर्ण भरा. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ३ ते ३.५ अँपिअरने दहा-बारा तास लागतात. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर घेतलेला कुठलाही आकडा फसवतो. ती स्वतःच करंट ओढत असते, मग अल्टरनेटर कमी देतोय की बॅटरी जास्त खातेय हे ओळखता येत नाही. चार्ज झाल्यावर चार-पाच तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. तुमची सकाळची १२.१ म्हणजे गाडी रोज अर्ध्या बॅटरीवर निघतेय. अशी सतत अर्धी राहिलेली बॅटरी आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरते आणि वर्षभरात मरते, मग ती कितीही नवी असो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (अॅसिडची घनता मोजणारी नळी) लावा. सहाही सेलचं रीडिंग जवळजवळ सारखं यायला हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल (म्हणजे पाच १.२४० आणि एक १.१९०) तर तो सेल गेला. मग बॅटरी खराब म्हणणारा बरोबर, नाहीतर नाही.

सेल्फ मारताना बॅटरीवर ९.६ च्या खाली जाऊ नये. कॉइलची मधली वायर काढून अर्थला टेकवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा.

आता मुख्य काम. बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते तुम्ही पाहिलंत, अल्टरनेटर किती देतो ते पाहिलंच नाही. दोन्हींच्या मध्ये वायर, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बॅटरीच्या प्लसजवळची फ्युजिबल लिंक (करंट फार वाढला की वितळणारी सुरक्षेची वायर) आणि इंजिनाची अर्थपट्टी आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या गाडीत निम्मे फॉल्ट इथेच सापडतात, आणि अल्टरनेटर उगाच बदलला जातो तोही इथेच.

इंजिन चालू करा, रेस साधारण २००० वर धरा, हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावा. लोड नसताना ड्रॉप (वाटेत व्होल्ट पडणं) दिसत नाही, म्हणून हे लावायचंच. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून चार रीडिंग घ्या (लाल, काळी म्हणजे मल्टीमीटरच्या वायरी):

१) अल्टरनेटरच्या मागच्या बी बोल्टवर (जिथून करंट बाहेर पडतो) लाल, अल्टरनेटरच्याच बॉडीवर काळी. ही अल्टरनेटरची खरी कमाई.
२) बी बोल्टवर लाल, बॅटरीच्या प्लस खांबावर काळी. क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच टोक टेकवा. ०.२ पर्यंत चालेल, ०.५ च्या पुढे गेलं तर वाट अडलेली आहे.
३) बॅटरीच्या मायनस खांबावर काळी, अल्टरनेटरच्या बॉडीवर लाल. इथेही ०.२ च्या आत हवं.
४) फ्यूज बॉक्समधल्या, डॅशबोर्डवरच्या मीटरच्या फ्यूजवर लाल, बॅटरी मायनसला काळी. हे का ते आकडे आल्यावर सांगतो.

बी बोल्ट इंजिन बंद असतानाही बॅटरीशी थेट जोडलेला असतो. लाल टोक घसरून बॉडीला लागलं तर मोठी ठिणगी पडते. टोकाला चिमटा लावा, बाही गुंडाळा, पट्ट्यापासून हात लांब.

पट्टाही बघून घ्या. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण ८ ते १० मिमी दबला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर ताण कितीही द्या, घसरणारच. या इंजिनात तोच पट्टा वॉटर पंप फिरवतो, त्यामुळे चालत्या गाडीत लाल दिवा लख्ख पेटला आणि टेंपरेचरचा काटा चढायला लागला तर लगेच थांबायचं.

पारोळा_रोड

एवढं कशाला भो? गाडी चालू करायची आणि बॅटरीचं एक टर्मिनल काढायचं. गाडी बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर चांगला. दोन मिनिटांचं काम.

भुसावळकर

दादा, हे कृपा करून कोणी करू नका. ही युक्ती जुन्या, खरोखरच्या डायनामोवाल्या गाड्यांच्या काळातली. आपण आज अल्टरनेटरलाही डायनामोच म्हणतो, तिथे घोटाळा होतो. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी सुटली की रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) चुंबकत्व लगेच उतरत नाही आणि क्षणभर व्होल्टेज अनेक पटींनी उसळतं. त्यात रेग्युलेटर (व्होल्ट आटोक्यात ठेवणारा भाग), डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे भाग), स्टीरिओ जातात. इंजेक्शनवाल्या गाडीचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) सुद्धा जाऊ शकतो. शिवाय या चाचणीतून कळत काहीच नाही. एक डायोड गेलेला अल्टरनेटरसुद्धा इग्निशनपुरता करंट देऊन गाडी चालू ठेवतो.

अमळनेरवाले भाऊ, धुळ्याच्या दादांच्या यादीत एक गोष्ट जोडतो. गाडी उभी असताना बॅटरी कोण खातं ते वेगळं मोजा.

चावी बंद, दारं बंद, डिकी बंद. बॅटरीची मायनस वायर काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, नॉब १० अँपिअरवर. लाल टोक सुटलेल्या मायनस वायरला, काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबाला. आता गाडीचा सगळा करंट मीटरमधून जातोय, म्हणून या अवस्थेत चावी फिरवायची नाही आणि सेल्फ तर अजिबात मारायचा नाही. मीटर जळेल.

कार्बोरेटरच्या ८०० मध्ये स्टीरिओची मेमरी आणि असेल तर घड्याळ, एवढंच जागं असतं. ०.०२ ते ०.०३ अँपिअर ठीक. ०.०५ च्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर जे फ्यूज बॉक्सच्या आधीच जोडलेलं आहे ते उरतं: अल्टरनेटर, सेल्फ, आणि कोणी बॅटरीवरून थेट ओढलेली वायर. मग मायनस सोडून अल्टरनेटरचा बी नट काढा, वायरीच्या टोकाला टेप गुंडाळा, कपलरही (वायरींचा प्लग) काढा आणि पुन्हा मोजा.

अमळनेर_८००

दोघांचे आभार. बॅटरी रात्रभर चार्ज करून सगळं केलं. हायड्रोमीटरवर सहाही सेल १.२४० च्या आसपास. भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६८. सेल्फ मारताना १०.४.

२००० रेस, हेडलाइट आणि ब्लोअर चालू:
बी बोल्ट ते अल्टरनेटर बॉडी १४.२
बी बोल्ट ते बॅटरी प्लस १.१
बॅटरी मायनस ते अल्टरनेटर बॉडी ०.२
बॅटरीच्या दोन खांबांवर १२.९
मीटरच्या फ्यूजवर १२.२

उभ्या गाडीचा करंट ०.३१ अँपिअर. स्टीरिओचा फ्यूज काढल्यावर ०.२९, बाकी सगळे काढले तरी ०.२९ च. बी वायर आणि कपलर काढून सगळे फ्यूज परत लावले तर ०.०२.

धुळे_वायरिंग

भाऊ, मोजमाप इतकं नीट केलंत की उत्तर त्यातच आहे. फॉल्ट दोन आहेत आणि वेगवेगळे आहेत. बॅटरी निर्दोष आहे.

पहिला फॉल्ट. अल्टरनेटर १४.२ देतोय, म्हणजे रेग्युलेटर बरोबर आहे. बॅटरीला १२.९ पोचतात. १४.२ मधून प्लसच्या वाटेवरचे १.१ आणि अर्थचे ०.२ वजा करा, हिशोब तंतोतंत जुळतो. १००/९० चे दोन बल्ब, पार्किंग, ब्लोअर, इग्निशन मिळून २५ अँपिअरच्या आसपास करंट आहे. १.१ गुणिले २५ म्हणजे २७.५ वॉट. एवढी उष्णता त्या वाटेवर, बहुतेक एकाच सांध्यात, सतत निघतेय. तो सांधा काळा पडलेला किंवा प्लास्टिक वितळलेलं सापडेल.

नेमका कुठे ते शोधायला काळं टोक बॅटरीच्या प्लस खांबावर पक्कं करा आणि लाल टोक वाटेत एकेक पाऊल पुढे सरकवत या: क्लॅम्प, फ्युजिबल लिंकचं अलीकडचं टोक, पलीकडचं टोक, कपलर, शेवटी बी बोल्ट. आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथेच दोष. माझा पहिला संशय फ्युजिबल लिंकच्या टोकांवर, दुसरा बी बोल्टच्या थिंबलवर. थिंबलमध्ये तांब्याच्या तारा हिरव्या होऊन आतून तुटतात, वरून वायर ठणठणीत दिसते.

दुरुस्ती करताना नवीन वायर ६ चौरस मिमीपेक्षा बारीक नको, १० मिळाली तर उत्तम. थिंबल दाबून आणि वर शिसं सोडून बसवा. फ्युजिबल लिंक खराब निघाली तर तशीच, त्याच क्षमतेची नवी लावा. तिच्या जागी साधी वायर जोडून देणारे भेटतात. ते करू देऊ नका. पुढे कधी वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर वितळायला लिंक नसते आणि सगळ्या वायरींचा हार्नेस पेटतो.

आता मंद लाल दिवा. या दिव्याच्या एका बाजूला इग्निशन स्विचमधून आलेले व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचा एल पॉइंट. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की दिवा विझतो. तुमच्याकडे एलवर जवळपास १४.२ आणि इग्निशनच्या बाजूला १२.२. मधल्या दोन व्होल्टांवर तो बल्ब निखाऱ्याएवढाच पेटणार आणि अंधारातच दिसणार. चौथं रीडिंग यासाठीच हवं होतं. आणि बघा, बॅटरीपासून मीटरच्या फ्यूजपर्यंत ०.७ आणखी पडलेत. तो इग्निशन स्विचचा घासलेला पॉइंट किंवा त्याचं कपलर. स्टिअरिंगखालचं कपलर सोडून बघा, पिवळं-तपकिरी झालेलं असेल तर पिना बदला.

अर्थचे ०.२ काठावर आहेत. हात लागलाच आहे तर इंजिन-गिअरबॉक्सकडून बॉडीला जाणारी पट्टी खोलून दोन्ही जागा सँडपेपरने चकचकीत करा, थोडं पेट्रोलियम जेली लावून आवळा.

१००/९० चे बल्ब काढून ६०/५५ लावा, हा माझा आग्रह आहे. मूळ स्विच आणि वायर त्या करंटसाठी नाहीत. मोठे बल्ब हवेच असतील तर बॅटरीवरून फ्यूज टाकून दोन रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावा, म्हणजे स्विचमधून फक्त रिलेचा करंट जाईल. नीट १३.८ व्होल्ट मिळालेला ५५ चा बल्ब, १२ वर पिवळ्या पडलेल्या ९० च्या बल्बाइतका उजेड सहज देतो.

भुसावळकर

दुसऱ्या फॉल्टवर मी लिहितो. बी वायर काढल्यावर ०.३१ चे ०.०२ झाले, म्हणजे चोर अल्टरनेटरच्या आत आहे. ०.३१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७.४ अँपिअर-अवर. तीन दिवसांत २२. आणि बॅटरी मुळात अर्धीच भरत होती, त्यामुळे दोन दिवसांत बसणारच.

रेक्टिफायर प्लेटमधला (अल्टरनेटरमधल्या डायोडच्या पाटीवरचा) प्लसकडचा एखादा डायोड गळतोय. डायोडने करंट बाहेरच जाऊ द्यायचा असतो. गळका डायोड बॅटरीतून तो मागे आत सोडतो, आणि तिथून छोट्या तीन डायोडमधून फील्ड कॉइलला (रोटरच्या वेटोळ्याला) वाट मिळते. खात्री करायला वायरी परत जोडा, चावी बंद ठेवा आणि अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचं टोक न्या. चावी बंद असताना ते किंचित जरी ओढलं गेलं, तर रोटरमध्ये करंट चालू आहे. (हीच युक्ती उलटीही चालते. चावी चालू, इंजिन बंद असताना ओढ अजिबात नसेल तर फील्डला करंट नाही: कार्बन (रोटरला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत, कपलर सुटलंय किंवा मीटरमधला चार्जिंगचा बल्बच उडालाय. चावी चालू केल्यावर तो दिवा पेटलाच पाहिजे. पुष्कळ जण तो न पेटणं चांगलं समजतात.)

म्हणून तुमचा इलेक्ट्रिशियन अर्धा बरोबर होता. पण पूर्ण अल्टरनेटर बदलायची गरज नाही. आणि नुसता बदलला असता तर रात्रीचे मंद दिवे तसेच राहिले असते, कारण १.१ चा ड्रॉप अल्टरनेटरच्या बाहेर आहे.

अल्टरनेटर उतरवून नीट काम करणाऱ्याकडे द्या आणि रेक्टिफायर प्लेट बदलायला सांगा. प्लेट काढताना स्टेटरच्या (बाहेरच्या स्थिर वेटोळ्याच्या) वायरी शिशातून सोडवाव्या लागतात. परत जोडताना शिशाचा डाग (जोड) बारीक आणि चकचकीत हवा. कच्चा डाग गरम होऊन सुटतो आणि स्टेटरच्या तीन फेजपैकी एक जातो. उघडलाच आहे तर एवढं तपासून घ्या: दोन स्लिप रिंगांच्या (कार्बन ज्यांवर घासतात त्या) मध्ये रोटर साधारण ३ ते ५ ओहम, रिंग आणि शाफ्टच्या मध्ये काहीही वाट नको. कार्बन होल्डरबाहेर ५ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर बदला. बेअरिंग हाताने फिरवून खरखर लागली तर दोन्ही बदला, दुसऱ्यांदा उघडायची मजुरी वाचते. जुन्या प्लेटचा प्रत्येक डायोड मीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही बाजूंनी बघा. एकीकडून ०.४ ते ०.७, दुसरीकडून काहीच नाही, असं हवं. मात्र गळका डायोड मीटरच्या कमी व्होल्टेजवर कधी कधी चांगला दिसतो. तेव्हा २१ वॉटचा बल्ब लावू नका, छोटा ३ वॉटचा बल्ब मध्ये घालून १२ व्होल्ट उलटे द्या आणि सोबत करंट मोजा.

बॅटरीवर एसी व्होल्ट मोजून डायोड तपासतात हे खरं आहे. लोडवर ०.५ एसीच्या वर म्हणजे डायोड गेला. पण स्वस्त पिवळ्या मीटरवर हे करू नका. त्यातले बरेच डीसीलाच एसी समजतात आणि तेरा व्होल्टला अठ्ठावीस दाखवतात. टोकं उलटी केली की शून्य. असं दिसलं तर मीटर त्या कामाचा नाही, अल्टरनेटरला दोष देऊ नका.

शहादा_मार्शल

विषय थोडा बाजूला जातोय, पण आपल्याकडे मार्शल, कमांडर, बोलेरो भरपूर आहेत म्हणून लिहितो. या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल जातं. पंपाकडचं ऑइल सील गेलं की ऑइल थेट कार्बन आणि स्लिप रिंगवर उतरतं. चार्जिंग कधी येतं कधी जातं, कार्बन बदलले की महिनाभर बरं आणि पुन्हा तेच. सील बदलल्याशिवाय कार्बन बदलू नका. परत बसवताना पंपाच्या ऑइलच्या नळ्या आणि व्हॅक्यूमचा पाइप नीट बघा, कारण ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. गाडी हलवण्याआधी इंजिन चालू करून ब्रेक दाबून बघायचाच.

पाचोरा_बॅटरी

उन्हाळ्याचं राहिलं, ते आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. बॅटरीतलं पाणी उडतं आणि उभ्या बॅटरीचा स्वतःहून उतरण्याचा वेग दर १० अंशांना अंदाजे दुप्पट होतो. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा. प्लेटांच्या वर १० ते १५ मिमी पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. अॅसिड तर वरून कधीच घालायचं नाही, उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं. आणि पाणी चार्जिंगच्या आधी नको, प्लेटा उघड्या नसतील तर चार्जिंग झाल्यावर भरा, नाहीतर उतू जातं.

गरम रेग्युलेटर स्वतःहून व्होल्ट थोडे कमी करतो. लांब चालवल्यावर दुपारी १३.६-१३.७ दिसलं तर घाबरू नका. १४.८ च्या वर मात्र कधीच नको. तेवढं दिसलं तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळून संपेल.

टर्मिनलवरचा हिरवा-पांढरा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सेलची झाकणं घट्ट लावून. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

कपाशीच्या हंगामात शेतरस्त्याने जाणाऱ्या गाड्यांच्या अल्टरनेटरच्या जाळीत रुवा आणि धूळ बसते. हवा अडली की डायोड तापतात, आणि तापूनच गळायला लागतात. उतरवलाच आहे तर जाळी ब्रशने साफ करून घ्या. प्रेशरने पाणी मारू नका.

अमळनेर_८००

काम झालं. उडी फ्युजिबल लिंकच्या अल्टरनेटरकडच्या टोकावर सापडली, ०.८ एकट्या तिथेच. पिन निळी-काळी, कपलर एका बाजूने वितळलेलं. तेवढ्याच क्षमतेची नवी लिंक, बी वायर १० चौरस मिमीची. इग्निशन स्विचच्या कपलरच्या दोन पिना बदलल्या. अर्थपट्टी साफ केली. रेक्टिफायर प्लेट आणि कार्बन नवे, बेअरिंग चांगले निघाले. बल्ब ६०/५५.

आता त्याच लोडवर: बी बोल्टवर १४.२, प्लसचा ड्रॉप ०.१, अर्थचा ०.०५, बॅटरीवर १४.०५. मीटरच्या फ्यूजवर १३.८. लाल दिवा अंधारातही पूर्ण बंद. आयडलला हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.३ दिसतात, रेडिएटरचा पंखा फिरला की १२.९. हे चालेल का? उभ्या गाडीचा करंट ०.०२.

धुळे_वायरिंग

चालेल. आयडलला अल्टरनेटर त्याच्या छापलेल्या अँपिअरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं देतो. रेस जरा वाढवली की १३.८ च्या वर जात असेल तर काळजी नाही. आयडलच कमी असेल तर कार्बोरेटरच्या स्क्रूने ९०० च्या आसपास आणा.

आठवड्याने एकदा तीन दिवस उभी ठेवून सकाळी मोजा. १२.५ च्या वर असेल तर बॅटरीही वाचली. १२.३ च्या खाली गेली आणि करंट ०.०२ च असेल, तर अर्ध्या चार्जवर काढलेल्या चार महिन्यांनी तिच्यात सल्फेट धरलं आहे. मग एकदा १.५ ते २ अँपिअरने सावकाश चोवीस तास चार्ज करून पुन्हा हायड्रोमीटर लावा आणि सहाही आकडे इथे टाका.